सुट्टी कोकणात, पण पाय चालते ठेवा

मे महिना लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, आठ दिवस गावी चाललोय. चालणं बंद पडेल, खाणं वाढेल. काय करू?" माझं सांगणं एवढंच : सुट्टीत वजन उतरवायच्या मागे लागू नका, पण रोजचं चालणं मोडू देऊ नका. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम गतीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. किनाऱ्यावर तो सहज जमतो.

सुरुवात प्रवासापासून करा. मुंबईहून मालवण गाठायचं तर अख्खा दिवस गाडीत जातो. पाय लोंबकळत राहिले की पोटऱ्यांचे स्नायू हलत नाहीत, रक्त खाली साचतं आणि घोटे सुजतात. क्वचित शिरेत गुठळीही होते. दर दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चाला. बसल्या जागी टाचा आणि चवडे आलटून पालटून उचला. वाटेत स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून अनेक बायका पाणीच पीत नाहीत. कृपा करून असं करू नका. एकाच पायाला सूज येऊन तो दुखू लागला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

किनाऱ्यावर सकाळी, ओहोटी असताना ओल्या, घट्ट वाळूवर चाला. भुसभुशीत वाळूत पाय रुततो आणि पोटरी, टाच भरून येते. किनारा समुद्राकडे उतरता असतो, म्हणून जितकं जाल तितकंच त्याच वाटेनं परत या. म्हणजे दोन्ही गुडघ्यांवर सारखा भार येतो.

मधुमेह असलेल्यांनी वाळूत अनवाणी चालू नये. पाय बधिर असतील तर तापलेल्या वाळूचा चटका कळत नाही. फोड येतो, जखम चिघळते. रात्री झोपण्यापूर्वी तळवे उजेडात नीट पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट.

आंबा जरूर खा. मात्र साखर घातलेला आमरस आणि वर पुऱ्या, असं रोज नको. मधुमेह असेल तर आंब्याच्या दोन-तीन फोडी मधल्या वेळी खा आणि त्या दिवशी भात कमी घ्या. रात्री जेवून लगेच आडवे होऊ नका. अंगणात दहा-पंधरा मिनिटं शतपावली केली, तर जेवणानंतरची साखर कमी चढते.

गोळ्या हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा. इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ते खराब होतं. जुलाब लागले तर ओआरएसची एक लिटरची पुडी उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण घाला. अर्धी-अर्धी करू नका.

छातीत दडपण आलं, धाप लागली किंवा घाम फुटून गरगरलं, तर "मुंबईला गेल्यावर बघू" म्हणू नका. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका मोफत असते.