माथेरानची माकडे

आंबिवलीहून आगगाडीने कल्याणला जावे, तेथे गाडी बदलून नेरळला उतरावे आणि घाट चढून माथेरान गाठावे. आमच्या शाळेची सहल बहुधा तिकडेच निघे. एका वर्षी झाडाखाली शिदोरी सोडतो न सोडतो तोच एक माकड दशम्यांचे गाठोडे घेऊन जांभळाच्या झाडावर गेले. मुलांनी एकच ओरड केली. गाठोडे गेलेच आहे, तर निदान त्याचा धडा तरी व्हावा, म्हणून मी मुलांना वर पाहावयास सांगितले.

माकडाने भराभर घास गालांत कोंबले. त्याच्या गालांत आतून दोन पिशव्या असतात. आधी त्या भरून घ्याव्या आणि मग निवांतपणे चावीत बसावे, अशी ती सोय! काळ्या तोंडाच्या वानराला या पिशव्या नसतात. तो मुख्यतः पाल्यावर राहतो; त्यासाठी त्याचे पोट अनेक कप्प्यांचे असते. माकडाला मात्र फळे, बिया, किडे असे सारेच चालते. माणसाची शिदोरीही त्याला परकी वाटली नाही, ती यामुळेच.

थोड्याच वेळात सारी टोळी जमली. एक मादी दुसरीचे केस बाजूला सारून उवा वेचू लागली. ही केवळ स्वच्छता नव्हे. याच सेवेने मैत्री जुळते. माद्या जन्मभर आपल्याच टोळीत राहतात आणि आईचा मान मुलीकडे येतो. नर मोठे झाले की बहुधा परक्या टोळीत जातात. आफ्रिकेतील बहुतेक बबून माकडांचीही हीच रीत आहे. केनियातील अंबोसेली येथे 1971 पासून त्यांच्या पिढ्यांची नोंद ठेवली जात आहे. ज्या मादीचा इतरांशी अधिक सहवास, तिची पिले अधिक जगतात, असे त्या नोंदींतून दिसून आले.

कर्नाटकातील बंदीपूरच्या रानातील काही माकडे माणसाजवळ खाऊ दिसताच निराळाच आवाज काढून हात पसरतात, असे 2018 साली प्रसिद्ध झाले. त्यांना ही विद्या कोणी मुद्दाम शिकविली नाही. खाऊ टाकणाऱ्यांनीच ती नकळत शिकविली.

डोक्यावर टोपीसारखे केस असलेले हे लांब शेपटीचे माकड भारताच्या दक्षिण भागाखेरीज जगात कोठेही नाही. ते जागोजागी दिसते, मग त्याची काळजी कशाला, असे तुम्ही म्हणाल. परंतु दक्षिणेत त्याची संख्या बरीच घटलेली आढळली आहे. रस्ते रुंद करताना कडेचे वड तोडले गेले. तक्रारी झाल्या तेव्हा टोळ्या पकडून दूर नेऊन सोडल्या गेल्या.

दशम्या संपल्या आणि फडके खाली पडले. एका मुलाने ते घडी करून पिशवीत ठेवले. वर माकडे जांभळाची कोवळी पाने खुडू लागली होती.