दयेचा खर्च

सन १८३२ च्या जून महिन्यात मुंबईच्या कोटात मोठा दंगा झाला. कारण काय, तर कुत्री! उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारावी व दर कुत्र्यामागे आठ आणे घ्यावे, असा सरकारी हुकूम होता. त्या लोभाने शिपाई पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारश्यांच्या अंत्यविधीत कुत्र्यास मान असल्यामुळे ते खवळून उठले. दुकाने बंद झाली.

हा झाला क्षोभ, आणि क्षोभ कोणासही येतो. आम्हांस मोठी वाटते ती पुढची गोष्ट. शेट जमशेटजी जीजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद यांनी १८३४ साली भुलेश्वरी पांजरपोळ ही संस्था स्थापिली, आणि तिच्या खर्चासाठी व्यापाऱ्यांनी आपखुषीने मालावर पट्टी बसवून घेतली. सुमारे ५० वर्षांनी सर दिनशा पेटीट यांच्या देणगीने परळास जनावरांचा दवाखाना निघाला; त्यास त्यांच्या पत्नी साकरबाई यांचे नाव आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात पैठण दरवाजापाशी लंगडे कुत्रे दिसले, तर मुले पाव टाकितात. पण मोडलेले हाड पावाने सांधत नाही. औषधास पैसा लागतो. तो एका घरास जड, आळीच्या वर्गणीस हलका. मात्र मुलांनो, जखमी कुत्र्यास स्वतः हात लावू नये, वडील माणसांस बोलवावे. दात लागलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी व त्याच दिवशी लस टोचून घ्यावी.