आपण नसलेल्या घराचा विमा

आम्ही राहतो लंडनजवळ हॅरोत, आणि स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, आलिकान्ते प्रांतात, आमची एक छोटी सदनिका आहे. घर घेतल्यावर लोकांनी विचारलं, समुद्र दिसतो का, विमानतळ किती लांब, कोथिंबीर मिळते का. (मिळते, मोरोक्कन दुकानात.) विम्याचं कुणीही विचारलं नाही. आता ओळखीतली आणखी काही मंडळी तिकडे घरं बघू लागली आहेत, तेव्हा कुठे फोन येतात. फोनवर सांगते तेच इथे लिहिते. मी विम्यातली तज्ज्ञ नाही. मला फक्त बारीक टाइप वाचायची सवय आहे, आणि ती घरात फारशी कुणाला आवडत नाही.

१. विमा घराचा नसतो, आपल्या गैरहजेरीचा असतो. हे अर्ज भरतानाच कळलं. पहिला प्रश्न, हे राहतं घर की दुसरं? त्यापाठोपाठ, सलग किती दिवस बंद असेल? नवरा म्हणाला, "लिही, अधूनमधून असतो." तसा रकानाच नव्हता. मनातल्या मनात आम्ही तिथे अख्खा उन्हाळा काढत होतो. प्रत्यक्षात नोकऱ्या, मुलांच्या शाळा, आणि वर कायदा: ब्रेक्झिटनंतर ब्रिटिश पासपोर्टवर कुठल्याही १८० दिवसांत ९० पेक्षा जास्त दिवस तिथे राहता येत नाही. म्हणजे निम्मं वर्ष कुलूप राहणार हे आमच्याआधी सरकारनंच ठरवून टाकलेलं. ब्रिटनमधल्या नेहमीच्या घरविम्यात घर सलग ३० किंवा ६० दिवस बंद राहिलं, की चोरीचं आणि पाण्याचं संरक्षण बहुधा गळतं. म्हणून तशी साधी पॉलिसी अशा घराच्या कामाची नाही. सुट्टीच्या घराची वेगळीच घ्यावी लागते. प्रवासविम्याचा तर इथे संबंधच नाही. कंपनीनं आमच्या येण्याजाण्याविषयी बांधलेला अंदाज आमच्या स्वतःच्या अंदाजापेक्षा खरा निघाला, याचं मला जरा वाईटच वाटलं.

२. आपण घाबरतो एका गोष्टीला आणि नुकसान करते दुसरीच. मला भीती होती ती 'ओकुपा' लोकांची, म्हणजे रिकाम्या घरात शिरून ठाण मांडणाऱ्यांची. ब्रिटिश वर्तमानपत्रांना हा विषय भारी प्रिय, आणि अलार्म विकणाऱ्यांना त्याहून. मी रात्री उशिरापर्यंत त्या बातम्या वाचायचे आणि सकाळी नवऱ्याला सांगायचे. खिडक्यांना जाळ्या हव्यात, दाराला चांगलं कुलूप हवं, हे खरंच आहे. चोरीच्या भरपाईसाठी पुष्कळ कंपन्यांची ती अटच असते. पण आमच्या घरात जे घुसलं ते छतातून, आणि ते पाणी होतं.

आमच्या वर एक बेल्जियन जोडपं आहे. तेही आमच्यासारखेच, म्हणजे बहुतेक वेळ नसलेले. ईस्टरला आम्ही दार उघडलं तर झोपायच्या खोलीच्या छतावर तपकिरी ओघळ आणि कडेनं रंगाचे पापुद्रे. प्लंबरनं वरच्या बाथरूममधून दोषी वस्तू काढून आणली आणि माझ्या हातात दिली. बेसिनखाली नळाला जोडतात ती बोटभर जाडीची लवचीक नळी. बाहेरून स्टीलच्या तारांची वीण, आत रबर. वीण एका ठिकाणी गंजून उसवली होती आणि त्या फटीतून रबराचा फुगा बाहेर डोकावत होता. किंमत विचारली तर पाच-सहा युरो. त्या किनाऱ्याचं पाणी जड, नळाच्या जाळीवर पांढरा क्षार साचतो, आणि या नळ्या काही वर्षांनी बदलाव्या लागतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. फक्त आमच्यासारख्यांना नाही.

मग सर्व्हेअर आला. दोन अणकुचीदार सुयांचं एक यंत्र त्यानं भिंतीत ठिकठिकाणी टोचलं, आकडे टिपले, फोटो काढले आणि पाणी कुठून आलं एवढंच विचारलं. वरच्यांच्या पॉलिसीत शेजाऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेतलेली होती, दोन्ही कंपन्यांनी आपापसांत बघून घेतलं आणि छत दुरुस्त झालं. रंगवताना एक नवंच कलम कळलं. खराब झालेला भाग तेवढा दुरुस्त केला आणि तो उरलेल्याशी जुळला नाही, तर जुळवून घेण्याच्या खर्चाची वेगळी मर्यादा असते. एक फरशी फुटली आणि त्या नक्षीची आता मिळत नसेल, तेव्हा या कलमाची किंमत कळते. तेव्हापासून कुणी पॉलिसी दाखवली, की मी चोरीचं पान उलटते आणि आधी दोन आकडे बघते: पाण्याचा, आणि खालच्या शेजाऱ्याचा. आमच्या खाली एक वृद्ध बाई राहतात, बाराही महिने. निघताना मीटरजवळचा मुख्य कॉक बंद करायचं काम नवऱ्याकडे आहे. तो बंद केल्याचा फोटो काढून ठेवते मी.

३. समुद्राचा विमा उतरत नाही. आम्ही घराला जी किंमत मोजली, तिच्यात जमीन, गल्ली, गच्चीतून दिसणारी निळी पट्टी असं सगळं होतं. विम्यासाठी लागते ती फक्त बांधकाम पुन्हा उभं करण्याची रक्कम. हे उलगडल्यावर नवरा खूश झाला, कारण आकडा खाली येत होता. पण आणखी खाली ओढण्याचा मोह महागात पडतो. समजा, पुन्हा बांधायला १,२०,००० युरो लागणार आणि आपण ६०,००० चाच विमा उतरवला. मग स्वयंपाकघरात १०,००० चं नुकसान झालं तर हातात ५,००० येतात. नुकसान छोटं असलं तरी गुणोत्तर तेच राहतं. मला वाटत होतं, ६०,००० पर्यंतचं सगळं मिळेल. बहुतेकांना तसंच वाटतं.

यात आणखी एक पदर आहे. इमारतीची सोसायटी असते आणि तिचा सामायिक विमा असतो. व्हॅलेन्सिया प्रदेशात तर इमारतीला आग आणि इतरांचं नुकसान यांचा विमा कायद्यानंच लागतो. त्यात भिंती, छत, जिना, कधी सदनिकेच्या आतलंही काही धरलेलं असतं. त्याची प्रत सोसायटीच्या कारभाऱ्याकडून मागून घ्यावी, नाहीतर एकाच भिंतीचा हप्ता आपण दोनदा भरतो. आमच्या कारभाऱ्यानं प्रत पाठवली, पण आधी विचारलं, "कशाला हवी?" असं आजवर कुणी मागितलं नसावं.

४. सामानाची यादी करायला बसलं, की आपली परिस्थिती कळते. हॅरोतून हद्दपार केलेला सोफा, दोन पलंग, नवऱ्याच्या हट्टानं आलेला टीव्ही, कुकर, पोळपाट, आईनं दिलेली समई. सोफ्याची किंमत नवऱ्यानं खरेदीच्या वेळची लावली, मी आजची लावली, आणि त्यावरून संध्याकाळ गेली. पुष्कळ स्पॅनिश पॉलिसी नव्या वस्तूची किंमत धरतात, तेव्हा तोच बरोबर होता म्हणायचा. दागिने आणि रोकड मात्र बंद दुसऱ्या घरात ठेवली तर सहसा धरतच नाहीत. समईचं काय लिहायचं हे ठरेना. शेवटी 'पितळी दिवा' लिहिलं.

५. पुराच्या बाबतीत मला त्या देशाचा हेवा वाटला. स्पेनमध्ये पूर, भूकंप, ज्वालामुखी यांची भरपाई आपली विमा कंपनी देतच नाही. ती देते कॉन्सोर्सिओ नावाची सरकारी संस्था. तिची मुळं १९४१ मधली. यादवी युद्धातली मोडतोड भरून द्यायची होती, त्याच वर्षी सांतांदेर शहर आगीत होरपळलं, आणि १९५४ मध्ये ही व्यवस्था कायमची झाली. प्रत्येक घरविम्याच्या हप्त्यात तिचा छोटासा अधिभार असतो. यादीत उल्कापातही आहे, तो वाचून आम्ही हसलो. पण ला पाल्मा बेटावर २०२१ मध्ये लाव्ह्यानं घरंच्या घरं गिळली, तेव्हा त्या यादीतल्या ज्वालामुखीला कुणी हसलं नसेल. आमच्या भागात २०१९ च्या सप्टेंबरात सेगुरा नदीनं ओरिउएलात पाणी घातलं. २९ ऑक्टोबर २०२४ ला व्हॅलेन्सियाजवळ जो पूर आला, त्यात दोनशेहून अधिक माणसं गेली. घरांच्या बाबतीत ही संस्था सुरुवातीची रक्कमही कापून घेत नाही.

मेख दोन ठिकाणी आहे. पॉलिसी असली तरच हे संरक्षण मिळतं, आणि घेतल्यापासून साधारण पहिले सात दिवस नाही. आभाळ भरून आल्यावर धावत जाऊन उपयोग नसतो. दुसरं, रस्त्यावरून दारात आलेलं पाणी कॉन्सोर्सिओचं, पण गच्चीवर पडून छतातून झिरपलेला पाऊस आपल्या कंपनीचा. कंपन्या पुष्कळदा अट घालतात, की तासाला चौरस मीटरमागे ४० लिटरपेक्षा जास्त पडलेला असावा. म्हणजे ४० मिलिमीटर. माझे मामा चिपळूणचे. त्यांना हा आकडा सांगितला तर म्हणाले, "याला तुम्ही संकट म्हणता?"

मामांच्या घरात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी माडीच्या पायऱ्यांपर्यंत चढलं होतं. विमा नव्हता. गल्लीत कुणाचाच नव्हता. दुकानदारांचा होता, तोही बँकेच्या कर्जामुळे. बाकीच्यांनी गाळ उपसला आणि पंचनाम्याची वाट पाहिली. गंमत म्हणजे त्याच वर्षी १ एप्रिलपासून आपल्याकडे 'भारत गृह रक्षा' ही ठरावीक नमुन्याची घरविमा पॉलिसी सुरू झाली होती. तिच्यात पूर आहे, आणि रक्कम कमी लावली म्हणून भरपाई त्या प्रमाणात छाटायची नाही अशी सवलतही आहे, जी मला स्पेनमध्ये हवी होती. आता मामांनी ती घेतली आहे. बारीक टाइप वाचायच्या माझ्या सवयीचा घराण्याला झालेला तो एकमेव फायदा.

६. बँकेचा गोड आवाज वेगळा आणि कायदा वेगळा. स्पेनमध्ये घरासाठी कर्ज घेतलं की बँक आपलीच विमा पॉलिसी पुढे करते आणि व्याजात थोडी सूट दाखवते. तिथल्या २०१९ च्या कायद्यानुसार ती सक्ती करू शकत नाही. तोडीस तोड असलेली बाहेरची पॉलिसी मान्य करावी लागते. सूट आणि हप्ता एका कागदावर मांडून बघावं. आमच्या बाबतीत बाहेरची स्वस्त पडली. आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत बँकेची.

७. पाहुणा आणि भाडेकरू यांच्यातली रेघ आपण समजतो तितकी जाड नाही. भाड्यानं देणार असाल तर ते कंपनीला आधीच सांगावं लागतं, आणि हप्ता वाढतो. पर्यटकांना थोड्या दिवसांसाठी द्यायचं तर परवाने आलेच, शिवाय १ जुलै २०२५ पासून वेबसाइटवर जाहिरात करायला देशपातळीवरचा नोंदणी क्रमांकही लागतो. आम्ही देत नाही, त्यामुळे निश्चिंत होतो. मग एका चुलत दिरांचं कुटुंब राहून गेलं आणि निघताना टेबलावर पाकीट ठेवून गेलं, 'विजेचे' म्हणून. विजेच्या मानानं ते बरंच जाड होतं. हे भाडं का? ब्रोकरला विचारलं, तेव्हा तो पलीकडे बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "घरचे आहेत ना? मग पुढच्या वेळी वाइनची बाटली आणायला सांगा." भाऊजी दारू पीत नाहीत. पुढच्या वेळी त्यांनी पुरणयंत्र आणलं. ते आता सामानाच्या यादीत आहे.

८. हप्ता कंपनीला जातो, पण घर सांभाळते किल्ली असलेली बाई. आमची किल्ली तळमजल्यावरच्या एका कोलंबियन बाईंकडे असते. त्या पंधरवड्यातून एकदा जातात, नळ सोडून बघतात, बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओततात, नाहीतर जाळीतून वास येतो, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो टाकतात. आफ्रिकेतून धूळ घेऊन पाऊस येतो तेव्हा गच्ची तांबडी होते, तीही धुतात. त्यांना आम्ही पैसे देतो, आणि ते देताना नवरा दर वेळी विचारतो, मग विमा कशाला? तर त्यासाठीच. नुकसान कळल्यापासून सात दिवसांत कंपनीला कळवायचं असतं, आणि आपण हॅरोत बसलेलो असताना ते कळवणार कोण? घराची नियमित पाहणी होते का, असं काही कंपन्या लेखी विचारतात. तेव्हा त्या फोटोंवरच्या तारखा कामाला येतात. मी ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. त्यात दोन-तीन फोटो त्यांच्या मांजराचेही आहेत.

९. पॉलिसी न विचारता स्वतःहून पुढे चालू राहते. बंद करायची किंवा बदलायची असेल तर मुदत संपण्याच्या महिनाभर आधी लेखी कळवावं लागतं. नंतर कितीही ओरडलं तरी बँकेतून हप्ता गेलेला असतो. कंपनीला काही बदलायचं असेल तर तिनं दोन महिने आधी सांगायचं, पण ते पत्र कुठे येतं? त्या बंद घराच्या टपालपेटीत. म्हणून पत्ता हॅरोचा आणि ईमेल माझा दिला आहे, नवऱ्याचा नाही. आमची मुदत डिसेंबरात संपते, म्हणजे नोटीस द्यायची ती नोव्हेंबरात, चकल्या उरकल्या की लगेच.