सुई टेकवण्याआधी धूळ काढा

जूचंद्र हे रांगोळीकारांचं गाव. दिवाळीत इथे रांगोळीची प्रदर्शनं भरतात, त्याआधी घरोघरी सराव चालतो. आमच्याकडेही चालतो. एका दिवाळीत सरावाच्या खोलीत पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची एलपी उघडी राहिली आणि घरातल्या कुणीतरी ती तशीच लावली. त्या बाजूची तडतड पुढे कितीही धुतली तरी गेली नाही.

रांगोळी म्हणजे दळलेला दगड. एलपीची खाच जेमतेम मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाइतकी रुंद. सुईचा भार दोनेक ग्रॅमच असतो, पण टोक इतकं बारीक की तो सगळा एका ठिपक्यावर येतो. मध्ये सापडलेला कण खाचेच्या भिंतीत रुततो. धूळ नंतर निघते, ओरखडा निघत नाही. म्हणून दर वेळी, बाजू पालटतानाही, आधी सफाई.

कार्बन फायबरचा ब्रश घ्या. रेकॉर्ड फिरती ठेवून केस नुसते टेकवा, दाबू नका. दोन-तीन फेऱ्यांत धूळ केसांपाशी रेघेत जमते. मग ब्रश हळूहळू बाहेरच्या कडेकडे सरकवत उचला. कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नका. घासल्याने एलपीच्या विनाइलवर स्थिर वीज साचते आणि हवेतली धूळ उलट जास्त चिकटते. फुंकरही नको, थुंकीचे तुषार उडतात.

बोटांचे डाग असतील तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा थेंब टाकून मायक्रोफायबरच्या कापडाने खाचांच्या दिशेनेच पुसा. लेबल भिजू देऊ नका. मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून रेकॉर्ड उभी सुकवा. बोअरचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार खाचेत राहतात. पावसाळ्यात ओलसर रेकॉर्ड पाकिटात घातली तर बुरशी धरते.

जड, ठिसूळ, मिनिटाला ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी मात्र बहुधा लाखेची असते, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आमच्या एका नातेवाइकाने बालगंधर्वांची तबकडी मोठ्या मायेने स्पिरिटने पुसली. तिची झिलई तिथल्या तिथे गेली, आवाजाला कायमची खरखर आली. अशा तबकडीला मऊ ब्रश, फार तर घट्ट पिळलेलं कापड. रेकॉर्ड कशाची आहे याची खात्री नसेल तर स्पिरिटच्या बाटलीला हात लावू नका.

शेवटी सुई. तिच्यावर कापसासारखा धुळीचा पुंजका धरतो. छोट्या ब्रशने तो मागून पुढे, एकाच दिशेने काढा. आडवा ब्रश फिरवलात तर सुईची दांडीच वाकते.