स्टॉल गटाचा, पैसे कुणाच्या खात्यात?



माळेगावच्या यात्रेत किंवा लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेत स्टॉल लावला की गिऱ्हाईक आधी विचारतं, "स्कॅनर आहे का?" नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या दर्शनाला येणारे भाविक कधी कधी कार्डच पुढं करतात. तर हे पैसे फिरतात कसे, ते बघू.

कार्ड : गिऱ्हाईकानं मशीनवर पिन टाकला की निरोप आधी मशीन देणाऱ्या बँकेकडं जातो, तिथून रुपे किंवा व्हिसाकडं आणि मग गिऱ्हाईकाच्या बँकेकडं. ती बँक पिन आणि शिल्लक तपासते. 'हो' की 'नाही', ते उत्तर त्याच वाटेनं मागं येतं. पण हा फक्त होकार झाला. पैसे खात्यात बहुधा दुसऱ्या कामाच्या दिवशी पडतात.

क्यूआर : यूपीआय २०१६ साली सुरू झालं. यात गिऱ्हाईकाच्या खात्यातून पैसे आपल्या खात्यात येतात. काही कंपन्यांच्या क्यूआरमध्ये ते आधी कंपनीकडं थांबतात, म्हणून घेतानाच विचारा.

खर्च : रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून केलेलं यूपीआय, यांवर १ जानेवारी २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. इतर कार्डांवर थोडी रक्कम कापली जाते. मशीनचं आणि आवाज देणाऱ्या डब्याचं भाडं वेगळं असू शकतं. सही करण्याआधी ते लिहून घ्या.

आता मुख्य गोष्ट. पापड लाटले दहा जणींनी आणि क्यूआर लावला एकीच्या मुलाच्या मोबाईलचा, तर पैसे मुलाच्या खात्यात जातात. मुलगा चांगलाच असेल, पण गटाच्या पासबुकात ती विक्री दिसत नाही. पुढं कर्ज मागताना आपली उलाढाल दाखवायची कशी? म्हणून बैठकीत ठराव घ्या आणि बँकेतून गटाच्याच खात्याचा क्यूआर मागा. पैसे आत कुणीही टाकेल, बाहेर मात्र सह्यांनीच निघतील.

एवढं पाळा :
- पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजा, फसवणूक आहे.
- गिऱ्हाईकाच्या मोबाईलवरचा फोटो म्हणजे पावती नव्हे. आपल्याकडं मेसेज आल्यावरच माल द्या.
- आपल्या क्यूआरवर दुसऱ्याचा कागद चिकटवलेला नाही ना, रोज सकाळी बघा.
- फसवणूक झाली तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे लांब.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एकच प्रश्न विचारा : आपला क्यूआर कुणाच्या नावावर आहे?