तोंडी काढलेला फिटर

चिखली

चि. बापूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या जिनिंगमधल्या फिटरने सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आणि तुला नोटीस आली, हे कळलं. फोनवर तू दोनदा म्हणालास, "कारखाना माझा आहे." आहेच. पण अकरा वर्षं हजेरीवर असलेल्या माणसाला चार मजुरांदेखत "उद्यापासून येऊ नको" म्हणायचा हक्क त्यातून येत नाही.

आधी मस्टर, पगारपत्रकं, पीएफचा भरणा असं सगळं एका फाइलीत लाव. जे आहे तेच लाव. मागच्या तारखेचा मेमो तयार करू, कोऱ्या कागदावरच्या सहीवर राजीनामा उतरवू, असं सुचवणारे शहाणे खामगावात भेटतीलच. त्यांना चहा पाजून वाटेला लाव. एक खोटा कागद उलटतपासणीत उघडा पडला की खऱ्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

तो हंगामी होता, हे तुझं म्हणणं टिकायचं नाही. दिवाळीच्या सुमारास कापूस सुरू झाला की येणारे आणि उन्हाळ्यात गावी जाणारे मजूर वेगळे. हा तर भर पावसाळ्यात रेचे खोलून रोलर बदलत बसलेला असायचा, आणि तुझ्याच मस्टरवर त्याची हजेरी आहे. वर्षात 240 दिवस भरले की सेवा सलग धरतात.

तो दारू पिऊन आला म्हणतोस, तर आरोपपत्र कुठं आहे? खुलासा मागितलास? चौकशी नेमलीस? गैरवर्तनासाठी काढायचं तर हे सगळं आधी व्हायला हवं होतं. आणि माणूस जास्त झाला म्हणून काढला असशील, तर ती छाटणी झाली. तिचा हिशेब मी मांडून पाहिला. पगार 15,600. दर वर्षामागे पंधरा दिवसांचा, म्हणजे निम्मा पगार, अकरा वर्षांचे 85,800. नोटिशीच्या महिन्याचे 15,600. ग्रॅच्युइटी 26 दिवसांचा महिना धरून 99,000. ती तर तशीही द्यावीच लागते. एकूण 2,00,400. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यात 1947 च्या कायद्यातली ही भरपाई कायम आहे; वर आणखी पंधरा दिवसांचा पगार पुनर्कौशल्य निधीत भरायचा.

आता दुसरी बाजू बघ. 2013 साली आपल्याच राज्यातल्या शिक्षिका दीपाली सुरवसे यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बडतर्फी बेकायदा ठरली तर मागचा पगार देणं हाच सर्वसाधारण नियम. मी दुसरीकडे कमावत नव्हतो, असं कामगाराने सांगितलं की तो कमावत होता हे मालकाने सिद्ध करायचं. तुझं प्रकरण चार वर्षं चाललं आणि तू हरलास तर नुसता मागचा पगार 7,48,800, आणि फिटर परत कामावर. वकिलाची फी वेगळी.

मला विचारशील तर त्याला परत घे. मालकाच्या तोंडावर बोलतो, हाच त्याचा खरा गुन्हा दिसतो. घ्यायचंच नसेल तर तडजोड कर, पण ती कामगार अधिकाऱ्यांसमोर, लेखी आणि चेकने. तुझ्या ऑफिसात दार लावून केलेली तडजोड उद्या जबरदस्तीची ठरेल.

तारखेला वकिलाला एकट्याला धाडू नकोस. स्वतः जा, आणि फिटरशी अहोजाहोने बोल.

तुझे
मोठेबाबा