पेरण्यापूर्वी बी जिवंत आहे ना, पाहा



१५ मे रोजी शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण असतो. त्या दिवशी आपल्या धर्मग्रामात बियाण्याच्या टोपल्या वेदीपाशी येतात आणि आम्ही त्यांना आशीर्वाद देतो. एका वर्षी असे आशीर्वादित सोयाबीन पेरूनही एका बंधूचे निम्मे शेत रिकामे राहिले. "फादर, आमच्या हातून काही पाप घडले का?" असे त्याने आम्हाला विचारले. पाप घडले नव्हते. मळणीयंत्रात मार खाल्लेले ते बी वर्षभर ओल्या भिंतीला टेकून पडले होते. त्यातले बरेचसे पेरण्यापूर्वीच मेले होते. म्हणून आज बियाण्याची थोडी ओळख करून घेऊ.

बी जिवंत असते. त्याच्या आत झोपलेला अंकुर असतो आणि त्याच्यासाठी शिदोरी बांधलेली असते. भातात ती पिठाच्या रूपाने असते, सोयाबीन व भुईमुगात दोन डाळींत. कोरडे बीदेखील मंद श्वास घेते व शिदोरी थोडीथोडी खर्चते. दमट, उबट जागी हा खर्च वाढतो आणि बी लवकर म्हातारे होते. सोयाबीनची तर साल पातळ व अंकुर अगदी सालीखाली. पोते उंचावरून आपटले तरी त्याला इजा होते.

उगवणीला तीन गोष्टी लागतात: पाणी, हवा आणि ऊब.

पाणी : सोयाबीनचे बी आपल्या वजनाच्या सुमारे निम्मे पाणी शोषते, तेव्हा उगवू लागते. बी फुगते, शिदोरी विरघळून अंकुराला पोहोचते व मूळ बाहेर पडते. मूळ फुटल्यावर ओल तुटली, तर त्याला माघारी फिरता येत नाही. म्हणून पहिल्या सरीवर घाई करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्यावरच सोयाबीन पेरावे. आपल्या बेळगाव-खानापूर भागात भात धूळवाफेवर पेरतात. ते बी कोरड्या मातीत थांबू शकते, पण अर्धवट भिजून पुन्हा सुकले तर तेही मरू शकते.

हवा : अंकुर फुटताना बी जोराने श्वास घेते. शेतात पाणी तुंबले तर सोयाबीन गुदमरून कुजते. भात पाण्याखालीही कोंब काढतो, परंतु हवेवाचून त्याची मुळे नीट वाढत नाहीत.

ऊब : आपल्याकडे जून महिन्यात पुरेशी ऊब असते. मात्र बी ३ ते ४ सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नये. फार खोल पडलेल्या सोयाबीनची शिदोरी उजेडात पोहोचण्यापूर्वीच संपते.

२०१९ च्या सुगीत महाराष्ट्रात सोयाबीन अवकाळी पावसाने भिजले आणि २०२० च्या खरिपात बी उगवले नसल्याच्या तक्रारी ठिकठिकाणाहून आल्या. तेव्हा बी घरचे असो वा विकतचे, तपासल्याशिवाय पेरू नका. ही तपासणी घरच्या घरी होते.

१. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठमूठ बी घेऊन मिसळा. त्यातले न निवडता १०० दाणे मोजा.
२. धुतलेले गोणपाट भिजवून निथळा. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी लावा.
३. वरून दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करा व सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा, पण साचू देऊ नका.
४. सातव्या-आठव्या दिवशी निकोप मूळ व कोंब असलेले दाणे मोजा.

सोयाबीनचे ७० किंवा अधिक दाणे उगवले तर नेहमीइतके बी पेरा. ६० उगवले तर एकरी ३० किलोऐवजी ३५ किलो घ्या. ५० च्या खाली आले, तर ते बी पेरू नका. कर्ज काढून केलेली पेरणी वाया जाण्यापेक्षा आठ दिवसांचे हे कष्ट पुष्कळ बरे.

संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आपोआप वाढणाऱ्या बीचा दाखला आहे. वाढ देणे देवाच्या हाती आहे. चांगले बी निवडून वेळेवर पेरणे त्याने आपल्यावर सोपवले आहे. येत्या सणाला टोपलीबरोबर आपल्या १०० दाण्यांचा हिशेबही घेऊन या. आम्ही दोन्ही वेदीपुढे ठेवू.